मंडपवाल्याची जनरेटर ट्रॉली, तिच्यावर झोपायची खोली

रिवायंडिंगवाला, चोपडा

मंडळी नमस्कार. दोन वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. वेल्डिंग जेमतेम येतं, सुतारकाम अजिबात नाही. तरी गेल्या पावसाळ्यात डोक्यात किडा शिरला की बोलेरोमागे ओढता येईल अशी दोघांच्या झोपायची हलकी खोली करायची. सातपुड्यात तोरणमाळला गेलं की राहायची पंचाईत, पालला गेलं की तीच गत. आणि बायकोला तंबूत झोप लागत नाही.

चासी मिळाली धुळ्याच्या भंगारात. एका मंडपवाल्याची जनरेटर ओढायची ट्रॉली. मूळची जुन्या जीपची, दोन चाकं, कमानपाट्याचा आख, पुढे पिन अडकवायचा गोल डोळा. घ्यायच्या आधी दोनच गोष्टी बघितल्या: आरसी आहे का, आणि चासी नंबर पत्र्यावर वाचता येतो का. आरसीशिवाय अर्ध्या किमतीत मिळत होत्या, हात लावला नाही. टायर बघायला चांगले होते, पण बाजूवर चार आकडे होते ३१०९. म्हणजे २००९ सालचा ३१ वा आठवडा. नक्षी शाबूत, पण नख दाबलं की आडव्या भेगा उघडायच्या. दोन्ही फेकले.

खोलीचं माप ८ बाय ५ फूट, उंची साडेचार. आत उभं राहता येत नाही, बसता येतं. वजनाचा हिशोब असा:

खाली १२ एमएमचा प्लाय, ३० किलो. सांगाडा २५ बाय २५ च्या चौकोनी पाइपचा, १.६ एमएम जाडीचा. मीटरला सव्वा किलोच्याही आत बसतो, ३२ मीटर लागला, म्हणजे ३८ किलो. फॅब्रिकेशनवाला ४० बाय ४० चा दोन एमएम घ्या म्हणून मागे लागला होता. तो मीटरला २.४ किलो भरतो, बरोब्बर दुप्पट. त्याचा हिशोब गेट-ग्रिलचा, आपला ओढायचा. बाहेरून १ एमएम ॲल्युमिनियम पत्रा, ३९ किलो. मधे २५ एमएम थर्माकोल, ८ किलो. आतून ४ एमएम प्लाय, ३८ किलो. दार, खिडक्या, बिजागऱ्या, रिव्हेट मिळून २०. गादी आणि मागचं ओट्याचं कपाट २७. सगळे मिळून २०० किलो, खाली ट्रॉली १९५ ची.

थर्माकोलचा एक किस्सा सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. पत्र्याला चिकटवायला फर्निचरवाले वापरतात तो पिवळा रबरी चिकट घेतला. पत्र्यावर फासला, थर्माकोल दाबला, आणि डोळ्यांदेखत शीट आत बसायला लागली. बिबडी तेलात पडली की फुलते ना, त्याच्या उलटं. पाच मिनिटांत तिथे खड्डे आणि चिकट तारा. त्या चिकटातलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं. पांढरा चिकट घेतला, तर पत्रा आणि थर्माकोलच्या मधे हवाच जात नाही, त्यामुळे तो आठ दिवस ओलाच. शेवटी पीयू फोमच्या स्प्रेने काम झालं.

फोटो उद्या टाकतो. प्रश्न असतील तर विचारा.

धुळेकर एमएच१८

फोटू नसेल तर धागा वाचत नाही, पण हा वाचला. भारी शे भो.

केळीवाला, रावेर

भाऊ, एवढा खटाटोप कशाला केला? आमच्याकडे रायपनिंग चेंबर मोडतात तेव्हा जुने पफ पॅनल निघतात. ४० एमएमचा पॅनल, दोन्ही बाजूंनी अर्धा एमएम पत्रा, मधे फोम. चौरस मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास. तुमच्या भिंती आणि छत मिळून साडेचौदा चौरस मीटर धरा, १३८ किलो होतात. तुमचा सांगाडा, पत्रा, थर्माकोल, प्लाय मिळून १२३. म्हणजे १५ किलो जास्त, पण दोन महिन्यांचं काम दोन दिवसांत. आणि गारवा विचारूच नका, ज्या पॅनलमधे केळी १६-१८ डिग्रीत पिकतात त्यात माणूस का नाही झोपणार?

रिवायंडिंगवाला, चोपडा

@केळीवाला, हे सहा महिने आधी भेटलं असतं तर बरं झालं असतं.

निवृत्त फिटर, भुसावळ

केळीवाले, तुमचं गणित बरोबर, पण पॅनल हा उभ्या खोलीचा माल आहे. त्याचा फोम पत्र्याला चिकटलेला असतो, त्याची ताकद तेवढीच. रस्त्यावर रोज हजार हिसके बसले की कडेने फोम पत्र्यापासून सुटतो आणि पॅनल वाजायला लागतो. वापरायचाच असेल तर चारी कडांना ॲल्युमिनियमचा चॅनल देऊन, आतून बाहेरून सीलंट भरून घ्या, आणि खोलीच्या बाराही कडांना अँगल. मग ते १५ चे ३० किलो होतात.

रिवायंडिंगवाले, तुम्ही जनरेटरची ट्रॉली घेतली म्हणता. पाटे किती आहेत आणि किती ठेवले, ते लिहिलं नाही.

रिवायंडिंगवाला, चोपडा

काका, बरोबर नस पकडली. एका बाजूला नऊ पाटे होते. जनरेटर बसायचा त्याच्यावर, आमची खोली म्हणजे त्याच्यापुढे पीस. पहिल्या फेरीत चोपडा ते अडावद नेली आणि परत आणली. आतला प्रत्येक स्क्रू सैल, दाराचं बिजागर वाकलं, आणि बायकोने ठेवलेल्या डब्यातल्या शेवेचा चुरा. ट्रॉली चालत नव्हती, उड्या मारत होती. मग मधले तीन पाटे काढले, यू बोल्ट आखूड करून घेतले. आता खड्ड्यात चाक गेलं की दबते.

कळण्याची भाकर

दादा, मागच्या ओट्याबद्दल लिहा ना. शेगडी आत ठेवलीय की बाहेर? आणि त्या पत्र्याच्या डब्यात मे महिन्यात काय होणार? आमच्याकडे भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, सिमेंटच्या घरात भाजून निघतो आम्ही.

रिवायंडिंगवाला, चोपडा

ताई, शेगडी बाहेर. मागची पूर्ण भिंत वर उघडते, तिचंच छप्पर होतं, खाली ओटा. साडेचार फुटी बंद डब्यात गॅस पेटवणं म्हणजे जिवाशी खेळ, कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. पाच किलोची टाकी बाहेरच्या पेटीत, आणि पेटीला भोकं तळाला. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली बसतो. वर भोकं पाडून काही उपयोग नाही. बायको खापर पण न्यायचं म्हणतेय, मांडे करायला. वजनाच्या यादीत खापर अजून धरलेलं नाही.

मे महिन्याचं खरं सांगतो. एप्रिलमधेच कळलं. दुपारी दोनला आत बसलो होतो, छतातून ‘टप्प’ असा आवाज. थोड्या वेळाने परत. वाटलं कुणी खडे मारतंय. बाहेर येऊन बघितलं तर पत्रा फुगलेला, हाताने दाबला की आत जायचा, सोडला की परत ‘टप्प’. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. आठ फुटाची शीट, सकाळच्या थंडीपासून दुपारच्या उन्हापर्यंत ५० डिग्रीचा फरक धरला तर पावणेतीन मिलिमीटर वाढते. खालचा पाइप दीडही वाढत नाही. मी दर चार इंचाला रिव्हेट मारून तिला जखडून टाकलं होतं, मग ती फुगणार नाही तर काय करणार.

छताचे निम्मे रिव्हेट काढले, भोकं थोडी मोठी केली, मधे पीयू सीलंटचा जाड पट्टा दिला. तो वाळला तरी रबरासारखा राहतो. लोखंड आणि ॲल्युमिनियम जिथे भेटतात तिथे आधी रबरी टेप, नाहीतर पावसाच्या पाण्यात ॲल्युमिनियम पांढरी बुकटी होऊन झडतं. वरून पांढरा रंग, आणि छतापासून चार इंच वर शेडनेट ताणायची सोय. आपल्या मातीच्या धाब्याच्या घरांची मजा त्यात नाही, पण हात ठेवता येतो. मे महिन्यात तसंही कोण जातंय? आपण दिवाळी ते होळीवाले.

नाशिककर भटका

बॅटरी कुठली? इन्व्हर्टरची ट्यूब्युलर पडून आहे माझ्याकडे, तीच टाकली तर?

रिवायंडिंगवाला, चोपडा

नका टाकू. १५० एएचची ट्यूब्युलर ५० किलोच्या वर जाते, एका माणसाचं वजन. मी १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली, १३ किलो. १२ व्होल्टचा पंखा २८ वॅटचा, रात्रभर दहा तास चालला तरी २८० वॅट-तास. बॅटरीत १२८० असतात. दिवे, मोबाइल धरून दोन रात्री सूर्याशिवाय निघतात. छतावरचं सोलर पॅनल अजून १२ किलो. माझा धंदाच हा असल्याने वायरिंगला शंभर रुपयांच्या वर खर्च आला नाही, त्यात माझी मजुरी धरलेली नाही.

एमएच१९ वकीलसाहेब

कौतुक आहेच, पण कुणीतरी बोलायला हवं म्हणून बोलतो. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे, त्याची स्वतःची नोंदणी लागते. तुमची आरसी आहे, ठीक. पण कलम ५२ वाहनात बदल करण्याबद्दल आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत त्याचा अर्थ कडकच लावलेला आहे. मूळ नोंदीपेक्षा वेगळं काही चढवलं तर मंजुरी लागते. राज्याने २०२१ मधे कारवाँ पर्यटन धोरण आणलं, त्यावरून घरी बनवलेलं सगळं चालतं असा अर्थ लोक काढतात. तसं नाही. उद्या कुणाला धक्का लागला तर विमा कंपनीचा पहिला प्रश्न हाच असणार.

रिवायंडिंगवाला, चोपडा

साहेब, मान्य. खोली ट्रॉलीला वेल्ड केलेली नाही, आठ बोल्टवर बसवली आहे, काढता येते. तिला ‘सामान’ म्हणायचं असा माझा बेत होता.

एमएच१९ वकीलसाहेब

दार, खिडकी आणि गादी असलेलं सामान. कोर्टात मजा येईल. आधी अर्ज करा.

रिवायंडिंगवाला, चोपडा

केलाय. खालच्या प्रसंगानंतर केला, हे कबूल करतो.

डिसेंबरात तोरणमाळला निघालो. चोपड्याहून शिरपूर, शहादा, म्हणजे अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्ता. शिरपूरपर्यंत काही नाही. पुढे मोकळा रस्ता बघून ६५ ला गेलो. समोरून उसाने भरलेला ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याने ट्रॉलीचं बूड हललं. वाटलं थांबेल. थांबलं नाही, वाढत गेलं. आरशात एकदा डावीकडची खिडकी दिसते, एकदा उजवीकडची. बोलेरोचं मागचं बूडही सोबत झुलायला लागलं. बायको काही बोलली नाही, नुसता दरवाजाचा दांडा धरला. मी घाबरून ब्रेक दाबणार होतो, पण पाय उचलला गेला तेवढाच. स्टीअरिंग सरळ धरून ठेवलं. ४५ ला आल्यावर आपोआप शांत झालं. ब्रेक दाबला असता तर मागून रेटा येऊन आडवे झालो असतो, हे नंतर कळलं.

तिथून ४० ने घरी परत. तोरणमाळ रद्द.

घरी आल्यावर आबा ओट्यावर बसलेले. वय ७८. जिनिंगला कापसाच्या गाड्या हाकण्यात उमर गेली. मी सगळं सांगितलं: वारा, ट्रक, टायरची हवा, हायवे. ते उठले, चपला न घालता ट्रॉलीपाशी गेले, तिच्या पुढच्या दांड्याखाली हात घातला आणि एका हाताने उचलला. ठेवला. परत उचलला. म्हणाले, “तुनी गाडी उलाळ शे.”

मी तिथेच बसलो. लहानपणी हा शब्द हजारदा ऐकलाय. गाडी मागून जड झाली की उलाळ होते, जू वर जातं, बैलाच्या मानेला फास बसतो. म्हणून गोण्या लादताना आबा दर पाच गोण्यांनी जुवाला हात लावून बघायचे. आणि मी ६० लिटरची पाण्याची टाकी ओट्याजवळ सोयीची पडेल म्हणून पार मागच्या कडेला बसवली होती.

दुसऱ्या दिवशी मोजमाप केलं. जिनिंगच्या वजनकाट्यावर भरलेली ट्रॉली ५४० किलो (तो काटा दहा-दहा किलोनेच बोलतो). मग बाथरूममधला वजनकाटा, त्याच्यावर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर दांड्याचं तोंड, ट्रॉली समतल. भरलं १४ किलो. ५४० मधे १४, तीन टक्केसुद्धा नाही. टाकी आखाच्या मागे ११० सेंटिमीटर होती, ती आखाच्या पुढे ९० वर आणली. म्हणजे ६० किलो दोन मीटर पुढे सरकले. आखापासून हुक २.४ मीटर. ६० गुणिले २ भागिले २.४, ५० किलो. काट्यावर परत ठेवलं, ६४ भरलं. आबांना उचलायला सांगितलं, त्यांनी दोन्ही हात लावले आणि नुसती मान हलवली.

जर्मनीतला जळगावकर

उलाळ! किती वर्षांनी वाचला हा शब्द.

इथे हुकवर येणाऱ्या वजनाला स्वतंत्र नाव आहे आणि प्रत्येक हुकच्या पाटीवर त्याची कमाल मर्यादा छापलेली असते, बऱ्याच गाड्यांना ७५ किलो. अमेरिकेत ट्रेलरच्या १० ते १५ टक्के भार पुढे ठेवा म्हणतात, युरोपात ४ ते ७ टक्क्यांवर चालवतात. पण इथे ट्रेलर लावला की साध्या गाडीला ८० ची मर्यादा आहे, १०० साठी वेगळी मंजुरी घ्यावी लागते. कमी भार आणि जास्त वेग असं दोन्ही चालत नाही. ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला इथे स्वतःचा ब्रेक नसला तरी चालतो. तुम्ही ५४० ला आहात, बरं आहे, पण इथे तोरणमाळचा सातपायरी घाट नाही.

निवृत्त फिटर, भुसावळ

म्हाताऱ्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी जे हाताने केलं ते आम्ही वॅगन लादताना कागदावर करायचो.

दोन गोष्टी. टाकी पुढे नेली ते चांगलं, पण पाणी संपलं की काय? रिकामी करून परत मोजा. टाकी जितकी आखाच्या जवळ, तितका भरल्या-रिकाम्याचा फरक कमी. दुसरं, पिन आणि डोळा अजून तोच आहे का? त्याच्यात बोटभर ढिलाई असते. ती झुलायला सुरुवात करून देते आणि प्रत्येक ब्रेकला ठोका बसतो. ५० एमएमचा बॉल आणि कपलर लावा, आणि खालून दोन साखळ्या, एकमेकींना ओलांडून. कपलर सुटला तर दांडा साखळ्यांच्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही.

रिवायंडिंगवाला, चोपडा

काका, रिकामी करून मोजली. ४२ भरते, एकूण ४८० वर. नऊ टक्क्यांच्या जवळपास, चालेल ना? बॉल आणि साखळ्या गेल्या आठवड्यात लावल्या. ब्रेक अजून नाही. घाटात दुसरा गिअर.

निवृत्त फिटर, भुसावळ

चालेल. ब्रेकचं मनावर घ्या. आणि पहिल्या ५० किलोमीटरला चाकांचे नट परत कसा, हबला उलटा हात लावून बघा. हात ठेवता आला नाही तर बेअरिंग घट्ट झालंय.

धुळेकर एमएच१८

मग तोरणमाळ झालं का नाही शेवटी? आणि फोटू?

रिवायंडिंगवाला, चोपडा

झालं. मंजुरीचा कागद यायचाय, त्यामुळे वकीलसाहेबांनी हा परिच्छेद वाचू नये. ५० च्या वर गेलो नाही, यशवंत तलावाजवळ दोन रात्री. बूड हललं नाही. थंडी अशी की पहाटे छताच्या आतून पाण्याचे थेंब, बरोब्बर जिथे जिथे पाइप आहे त्या रेषांवर. दोन माणसांचा रात्रभराचा श्वास आणि गार लोखंड. थर्माकोल पाइपांच्या मधे भरला, पाइपांवर नाही, तिथून थंडी सरळ आत. आता आतून पाइपांवर फोमची पट्टी आणि दोन झडपा करणार.

कळण्याची भाकर

आबांना नेलं होतं का? ते झोपले का आत?

रिवायंडिंगवाला, चोपडा

नेलं होतं. आत झोपायला अजिबात तयार नाही झाले. ट्रॉलीखाली गोणपाट अंथरलं, वर दोन घोंगड्या, पूर्वी गाडीखाली झोपायचे तसं. सकाळी चहा घेताना म्हणाले, डाव्या चाकातून काहीतरी गळतंय, रात्रभर वास येत होता. वाकून बघितलं तर हबातून ग्रीस रिमवर आलेलं. ऑइल सील मागवलंय. ते बसलं की फोटो टाकतो.